आंब्याला सावली, आप्पांना ऊन

चिपळूण तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र थोडक्यात देते. लिहिणाऱ्या बाई बेचाळीस वर्षांच्या, माहेर अकोल्याचं. घरात सासरे आप्पा (वय ७४) आणि सासूबाई. नवरा मुंबईत नोकरीला, महिन्या-दीड महिन्याने घरी येतो. हापूसची कलमं आप्पा अजून स्वतःच बघतात. गेल्या मार्चमध्ये दुपारी दीडच्या सुमारास ते बागेतून आले, ओटीवर बसले आणि काहीबाही बोलू लागले. सुनेकडे बघून "ही कोण?" म्हणाले. अंग तापलेलं होतं, उलटीही झाली. शेजाऱ्यांनी "पित्त चढलंय" म्हणत आमसुलाचं पाणी पाजलं, डोक्यावर पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत ते सावरले. दवाखान्यात कुणी नेलं नाही. आप्पा म्हणतात, "कोकणात कुणाला ऊन लागलंय का कधी?" माहेरचे म्हणतात, "आमच्याकडे ४५ असतं, तुमचं ३७ म्हणजे थंडीच की." नवरा म्हणतो, एसी बसवू, नाहीतर मे संपेपर्यंत दोघांना मुंबईला नेतो. दीर म्हणतो, कूलर घ्या, स्वस्तात होईल. सासूबाई विचारतात, दुपारची लाइट असते कुठे? जुन्या घराची कौलं उतरवून पाच वर्षांपूर्वी स्लॅब टाकलाय, मागच्या पडवीला पत्रे घालून तिथे स्वयंपाकघर केलंय. "एसी, कूलर की मुंबई? आणि आप्पांना दुपारी घरात थांबवू तरी कशी?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

एसी आणि कूलरचं नंतर बोलू. आधी ओटीवरची ती दुपार. ते पित्त नव्हतं हो.

उन्हातून आलेल्या माणसाचं अंग तापलेलं आहे आणि त्याला घरचं माणूस ओळखू येत नाही, म्हणजे उष्णता मेंदूपर्यंत पोचली आहे असंच धरून चालायचं. शरीराचं आतलं तापमान साधारण ४० अंशांच्या वर गेलं की असं होतं, त्यालाच उष्माघात म्हणतात. मी डॉक्टर नाही आणि त्या दिवशी कुणी तापही मोजला नव्हता. अर्धांगाचा झटका असेल किंवा साखर घसरली असेल, तरी माणूस असंच बोलतो. पण यातलं काहीही असलं तरी जागा दवाखान्याचीच. संध्याकाळी बरं वाटलं तरी न्यायचं, कारण मूत्रपिंडाला, यकृताला झालेली इजा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते. गेल्या वर्षीचं राहिलं असेल तर आता उन्हाळ्याआधी आप्पांना एकदा दाखवून या, आणि ती दुपार डॉक्टरांना आत्ता मला लिहिलीत तशीच, काही न गाळता सांगा.

पुन्हा तसं झालं तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी अंग गार करायला घ्यायचं. गाडी येईपर्यंत वाट बघायची नाही. सावलीत आडवं करा, सदरा काढा, बादलीने पाणी ओता. नुसतं डोक्यावर नको. छाती, पोट, मांड्या सगळं भिजू दे. मग सूप, पुठ्ठा, टेबलफॅन, जे हाताशी असेल त्याने वारा घाला. बर्फ असला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. बोलणं भरकटलेलं असताना तोंडात काही घालू नका, आमसुलाचं पाणीसुद्धा नाही. ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी ऐन वेळी आठवत नाही: स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी एक वाजता कढत असतं. नळ सोडाल तर आप्पांच्या अंगावर गरम पाणीच पडेल. सकाळी विहिरीचं पाणी काढाल तेव्हाच दोन बादल्या न्हाणीत झाकून ठेवत जा.

आता अकोला आणि चिपळूण.

मी मूळची जळगावची, त्यामुळे "तुमचं ३७ म्हणजे थंडीच" हे वाक्य मला नवीन नाही. लग्नानंतर कोकणातल्या नातेवाइकांकडे जाऊन मीही ते बोललेय, आणि त्याची आज मला लाज वाटते. आमच्याकडे एप्रिल लागला की खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे, दुपारी बारानंतर वडील सायकलला हात लावू द्यायचे नाहीत, बाजारपेठ चार वाजेपर्यंत अर्धी झोपलेली असायची. बाहेर पडायचंच असलं तर डोक्याला उपरणं आणि निघण्याआधी तांब्याभर पाणी. आम्ही स्वतःला उन्हाला काटक समजायचो. खरं तर आमच्या अंगापेक्षा आमची वहिवाट काटक होती. गावातली दुकानं, शाळा, लग्नांचे मुहूर्त, सगळं उन्हाच्या घड्याळावर चालायचं. एवढं करूनही खानदेशात आणि विदर्भात दरवर्षी ऊन लागून माणसं जातात.

कोकणात ती वहिवाट नाही, कारण तिची गरजच पडायची नाही. खाऱ्या वाऱ्यांनी ते काम केलं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीकडून पूर्वेचे कोरडे, तापलेले वारे उतरायला लागले की समुद्राकडचं वारं अडून राहतं. सकाळी अकराला यायचं ते दुपारी दोन-तीनला येतं, आणि मधले तीन-चार तास जमीन तापत राहते. म्हणून कोकणातलं जाळणारं ऊन बऱ्याचदा मे महिन्याच्या आधीच येतं. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतच, शिमग्याच्याही आधी, हवामान विभागाने कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. गोव्यात मार्च २०२३ मध्ये शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या. हिवाळ्यातून आलेल्या अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मार्चमधली लाट तेवढी उसंत देत नाही.

आणि ३७ चं म्हणाल तर हवामान विभागाचेच निकष दोन जागी वेगळे आहेत. मैदानी भागात पारा ४० ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाहीत. किनाऱ्यावर ३७ ला करतात, तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढलेलं असलं तर. कारण अंग गार होतं ते घाम सुकल्याने, नुसता घाम आल्याने नाही. अकोल्याच्या कोरड्या हवेत तो अंगावरच उडून जातो. तुमच्याकडे गंजीफ्रॉक पिळावा इतका घाम येतो, पण हवाच ओली, तो सुकत नाही. पाणी आणि मीठ जातं ते जातंच, अंग मात्र तापलेलं राहतं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर ऊन लागून १४ माणसं गेली. त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपास होता. आप्पांना आकडे सांगून उपयोग होणार नाही, पण खारघर सांगा. रायगड जिल्ह्यातलंच ते, कोकणच.

यातूनच कूलरचं उत्तर निघतं. दिरांना सांगा की पैसे वाया जातील. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ते कोरड्या हवेत जमतं. दमट खोलीत दारं-खिडक्या लावून कूलर लावला तर हवा आणखी ओली होईल आणि उकाडा वाढेल. माझ्या ओळखीच्या तीन घरांत असे कूलर माळ्यावर पडून आहेत.

एसीचं तसं नाही. तो हवा कोरडीही करतो, म्हणून दमट मुलखात त्याचा खरा उपयोग होतो. सासूबाईंना तो श्रीमंती थाट वाटत असेल तर एवढंच म्हणा की एक खोली आजारपणासाठी केलीय. एक टनाचा इन्व्हर्टर एसी २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावला तर तासाला पाऊण ते एक युनिटच्या आसपास जाईल. पण लाइटबद्दल सासूबाई म्हणतात ते अगदी बरोबर आहे आणि मुंबईत बसून तुमच्या यजमानांच्या ते लक्षात येत नसावं. दुपारी दोन तास वीज गेली तर एसी भिंतीवर नुसता टांगलेला राहतो, आणि घरच्या साध्या बॅटरीवर तो चालत नाही. पंखा चालतो. म्हणून पैसे माझ्या हातात असते तर मी आधी दोन-तीन पंखे चालतील असा बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला असता, मग छपराकडे बघितलं असतं, आणि उरलेल्यात किंवा पुढच्या वर्षी एसी. पंख्याचं एक लक्षात ठेवा: हवा ३८-३९ च्या वर गेली की वयस्कर माणसाच्या अंगावर तो गरम झळच फेकतो. तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसत राहिलं तरच त्याचा उपयोग.

छपराला इतकं पुढे घेते ते एवढ्यासाठी की तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, "रात्री एक वाजेपर्यंत खोली भट्टीसारखी असते." कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, खाली माळा होता, भिंती जांभ्याच्या. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. दिवसा तापलेलं अंग रात्री निवलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन त्याच्यावर चढतं. म्हाताऱ्या माणसांना सलग तिसरी-चौथी रात्र जड जाते ती यामुळे. कौलं आता परत येणार नाहीत. पण फेब्रुवारीत स्लॅबला चुन्याचे दोन हात द्या, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडं फेव्हिकॉल घालतात. तुमच्या पावसात तो धुऊन जाईल, दरवर्षी द्यावा लागेल, तरी खर्च एसीच्या पासंगालाही पुरणार नाही. अंगणात मांडव घालता तसाच पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचा आडोसा करा, ऊन भिंतीपर्यंत पोचताच कामा नये. आप्पा आणि आई मार्च ते जून ओटीवर किंवा खालच्या जुन्या खोलीत झोपू देत. मी दमट रात्री किनाऱ्यावरच्या घरांत काढल्या आहेत; जांभ्याच्या भिंतीशी टाकलेली चटई आणि स्लॅबखालचा पलंग यांत केवढा फरक पडतो ते पाठीला कळतं.

मुंबईबद्दल माझं मत स्पष्टच सांगते. दवाखाना जवळ असतो हे खरं, आणि आप्पांना हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असतं तर मी वेगळं म्हटलं असतं. पण मुंबईही त्याच दमट पट्ट्यातली, रात्री आणखी कमी निवणारी. चाळीच्या किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन वयस्कर माणसं दिवसभर एकटी, मुलगा कामावर, आणि बाग ऐन काढणीला आलेली. आप्पांचं शरीर तिथे असेल, जीव इथे कलमांवर. तो पर्याय राखून ठेवा, पण पहिला नको.

मग आप्पांना दुपारी थांबवायचं कसं? तुम्ही "थांबवू" हा शब्द पत्रात चार वेळा लिहिलाय. मला वाटतं अडचण त्या शब्दातच आहे. ७४ व्या वर्षी ज्याला सून "बागेत जाऊ नका" म्हणते, त्या माणसाला वेगळंच ऐकू येतं: आता तुमची गरज राहिली नाही. उन्हाशी त्यांचं भांडण नाहीच.

त्यांच्याशी आंब्याच्या भाषेत बोला. बागेतलं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आंबा सकाळी दहाच्या आत काढावा नाहीतर चारनंतर, हे ते जाणतातच. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेलं फळ ते क्षणभर उन्हात ठेवू देणार नाहीत. गडी टोपली उन्हात विसरला तर ओरडतील, कारण तापलेल्या फळात साका होतो. बाहेरून आंबा सोन्यासारखा, कापला की आत पांढरा स्पंज. माणसाचंही आतून तसंच होतं, वरून काही दिसत नाही. हे तुम्ही बोलून दाखवलंत तर कदाचित उपदेश वाटेल. तुमच्या यजमानांनी, पुढच्या खेपेला बागेत त्यांच्याबरोबर हिंडताना म्हणावं. आणि कामाची वेळ बदला, काम काढून घेऊ नका. पहाटे साडेपाचला पेज पिऊन आप्पा आणि गडी बागेत, दहाला घरी. दुपारी अकरा ते चार आप्पांनी अढीजवळ (आंबे पिकायला घालतात तिथे) बसून आंबे निवडायचे, पेट्यांचा हिशेब धरायचा, दलालाला फोन करायचे. नजर त्यांचीच लागते ना त्याला? चारनंतर परत बाग. एकट्याने जायचं नाही, मोबाइल आणि पाण्याची बाटली सोबत, आणि डोक्याला भिजवलेला पंचा. गड्यालाही हीच वेळ. त्याच्या घरी त्याची काळजी करणारं कुणी पत्र लिहीत नसेल, पण ऊन त्यालाही तेवढंच लागतं, आणि उन्हातली वजनाची कामं तोच करतो.

पेजेचा उल्लेख मुद्दाम केला. उकड्या तांदळाची पातळ पेज, चवीला मीठ, ही तुमच्या सासूबाईंच्या आईने दिली असेल. चहा-बिस्किटापेक्षा ती किती तरी चांगली. मात्र आप्पांना रक्तदाबाची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवा. काही गोळ्या लघवी वाढवून दाब उतरवतात, उन्हाळ्यात त्यांनी शरीर लवकर कोरडं पडतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण "उन्हाळ्यासाठी डोस बदलायचा का?" हा प्रश्न फेब्रुवारीतच विचारायचा. सरबतांचंही बघा. कोकमच्या आगळात मीठ असतं आणि अमृत कोकममध्ये साखर. रक्तदाब असलेल्याला पहिलं आणि मधुमेह असलेल्याला दुसरं दिवसातून चार वेळा देणं बरं नाही. पातळ ताक, साधं पाणी, पाण्यात भिजवलेली आमसुलं चालतील. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला. म्हातारपणी तहान उशिरा लागते, म्हणून "तहान लागली का?" असं विचारत बसू नका, तांब्या हातात द्या. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं. आणि खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. कांदा जेवणात खाऊ दे खुशाल.

एवढं सगळं लिहून झाल्यावर तुमचं पत्र मी परत वाचलं. आप्पांच्या उन्हाबद्दल दोन पानं आहेत. तुमच्याबद्दल अर्धं वाक्य: "मागच्या पडवीत पत्र्याखाली स्वयंपाक करताना मला गरगरतं, पण ते नेहमीचंच."

ते नेहमीचं धरू नका. तापलेल्या पत्र्याखाली, चुलीपुढे, साडेअकरा ते एक उभं राहणं म्हणजे बागेतल्या उन्हाइतकंच. कुणी त्याला ऊन म्हणत नाही एवढंच. वर पावसाळ्याची बेगमी याच दिवसांत: भात उकडायचं, आंब्याची साटं घालायची, फणसाचे पापड, आणि वाळवण राखत अंगणात बसायचं. पत्र्यावर झावळ्या पसरा. चुलीच्या धुराड्यापासून लांब, ठिणगी उडेल. भात उकडण्याचं काम पहाटे घ्या. दुपारचा स्वयंपाक नऊच्या आत उरका. गार जेवणाबद्दल कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे, आप्पांना सकाळी दहाला घरी आणायचं ठरलंच आहे, तर जेवण साडेदहाला होऊ दे. गरगरलं की चूल बंद करून न्हाणीत जायचं, पदर-पाठ भिजवायची आणि ओटीवर पडायचं. हे सासूबाईंनाही लागू, वय त्यांचंही आहे.

शिमग्याला पालखी तुमच्या घरी येईल तो दिवस मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. मुंबईची माणसं आदल्या रात्री गाडीत उभी राहून आलेली, अंगाला उन्हाची सवय नाही, झोप नाही, आणि भर दुपारी पालखी नाचवायची. आप्पा खांदा दिल्याशिवाय राहणार नाहीत, आणि राहू नयेच. त्या दिवशी मांडवात सावलीला पाण्याचं पिंप आणि ताक ठेवा, अनवाणी येणाऱ्यांसाठी अंगणात ओली पोती अंथरा, आणि गावकीच्या बैठकीत यजमानांनी आधीच विषय काढावा की तुमच्या वाडीतली पालखी सकाळी दहाच्या आत नाहीतर पाचनंतर फिरावी. मानकऱ्यांशी बोलणं सुनेला अवघड, मुलाला जमेल. एसीचे पैसे पाठवण्याआधी त्यांनी ही एक रजा टाकून यावं, बैठकीसाठी. आणि आले की स्लॅबला चुना त्यांच्याच हातून होऊ दे.